स्फटिक थकत नाही

मी एक स्फटिक बोलतोय. खरं तर मी बोलत नाही, थरथरतो; सेकंदाला बरोबर एक लाख वेळा. या ‘बरोबर’वरून पुढे बराच घोळ झाला, म्हणून तो शब्द आत्ताच नीट लक्षात ठेवावा.

आकारानं मी नखाएवढी चकती. तुमच्याकडे रस्त्याच्या कडेला गारगोट्या पडलेल्या असतात ना, ते माझे भाऊबंद. पूर्वी हे नातं मी कोणाला सांगत नसे. तलवारीच्या मुठीत, सोन्याच्या कोंदणात तीन वर्षं काढून आल्यापासून सांगतो. माणसांचा ताठा निवृत्तीनंतर जातो म्हणतात. माझा बढतीनंतर गेला.

जन्म आल्प्सच्या पोटातला. तारीख उपलब्ध नाही. काही लाख वर्षं काळोखात काढल्यावर एके दिवशी एक हात आत आला. हाताचा मालक दोराला लोंबकळत होता. त्यानं मला बाहेर काढलं, जिभेनं चाटलं, सूर्यासमोर धरलं आणि तो म्हणाला, “डाग नाही.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. पुढे मला आणि माझ्या मालकांना पुष्कळ प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण इतकं थोडक्यात आणि इतकं खरं एकही नव्हतं.

तिथून मी फ्रान्समधल्या बेझांसाँला आलो. हे घड्याळांचं गाव. इथली माणसं हवापाण्याच्या गप्पा मारतात, पण नजर मनगटावर ठेवतात. टेकडीवर वेधशाळा आहे. तिथले लोक ताऱ्यांवरून वेळ ठरवतात आणि खाली गावात सगळे ती मुकाट्यानं मान्य करतात. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली एक प्रयोगशाळा होती. तिथं मला घेऊन एक माणूस खिडकीपाशी उभा राहिला. केस विस्कटलेले, उजव्या बाहीला आम्लानं पडलेली तीन भोकं. हे इझिदोर पुर्सेलो, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, वय सदतीस, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. त्यांनी मला उजेडात फिरवून पाहिलं आणि विचारलं, “बघू या, तू काय सांगतोस?”

त्याआधी मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी तिथल्या तिथं त्यांचा झालो.

मला कापलं, घासलं, दोन्ही अंगांना चांदीचा मुलामा दिला, दोन तारा जोडल्या आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या कुपीत बंद केलं. वीज आली की मी थरथरायचो, आणि माझ्या थरथरीवर एक घड्याळ चालायचं. दर सोमवारी वेधशाळेच्या वेळेशी ते घड्याळ ताडून पाहत. प्रश्न साधा होता: स्फटिक वर्षानुवर्षं याच वेगानं थरथरतो, की माणसासारखा हळूहळू मंदावतो?

वही लिहायला ओदील बूव्हरे नावाची बावीस वर्षांची मुलगी आली. तिचे वडील डोंगरात चीज करायचे. कोम्ते चीजची चाकं तळघरात रचून ठेवायची, ठरल्या दिवशी एकेक उलटायचं, मीठ चोळायचं आणि काही घडत नाही म्हणून कुरकुर करायची नाही, या शिस्तीत ती वाढलेली. पहिल्याच आठवड्यात पुर्सेलो सरांनी एक नियम लिहून भिंतीवर चिकटवला: ‘कोणतंही उपकरण या खोलीबाहेर जाण्यापूर्वी त्याचं शेवटचं माप घ्यावं.’ बूव्हरेबाईंनी तो वाचला, कागदाचा कोपरा सुटला होता तिथं आणखी डिंक लावला आणि पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत.

चार वर्षं मापं झाली. पहिल्या वर्षी मी जरा अडखळलो, नव्या नोकरीत कोणीही अडखळतं. पुढची तीन वर्षं एक कंपन इकडचं तिकडं झालं नाही. सरांनी निबंध लिहिला.

त्या निबंधातलं मुख्य वाक्य साडेचार ओळींचं होतं. त्यात ‘आतापर्यंत’ होतं, ‘आमच्या मापाच्या मर्यादेत’ होतं, ‘निदान तीन वर्षांच्या काळात’ही होतं. पहिलं पदक मिळालं तेव्हा ते वाक्य दोन ओळींवर आलं. सरकारनं कोटाच्या काजात लावायला मानाचा लाल रिबिनीचा दोरा दिला, तेव्हा ते एका ओळीत मावायला लागलं. पुढे पॅरिसला मानाचं व्याख्यान झालं तेव्हा त्याचे तीनच शब्द उरले होते: ‘स्फटिक थकत नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडेचार ओळींना टाळ्या वाजवायच्या तर नेमकं थांबायचं कुठं, हे कळत नाही.

मापं कधी थांबली? नक्की सांगता येणार नाही. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. एका सोमवारी सरांना समितीची बैठक होती, दुसऱ्या सोमवारी सत्कार होता, तिसऱ्या सोमवारी मी खणात होतो. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना दाखवायला मला बाहेर काढत. “हाच तो,” सर म्हणायचे. मुलं वाकून पाहायची आणि परत फळ्याकडे वळायची. मी थरथरायचो; पण किती, ते कोणी मोजत नव्हतं.

मग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं सुरू झालं.

अकादमीत जायचं तर खुर्ची रिकामी व्हावी लागते, आणि ती रिकामी व्हायचा मार्ग एकच. त्यामुळे सर सकाळी वर्तमानपत्र मागच्या, निधनवार्तांच्या पानावरून वाचायला लागले. जागा निघाली की उमेदवारानं प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन भेट घ्यायची, अशी तिथली रीत. सभासद दार उघडतात, पोर्ट वाइन देतात, तुमचा निबंध आपल्याला किती आवडला ते सांगतात. पहिल्या खेपेला सर गाडीतून उतरले ते थेट प्रयोगशाळेत आले.

“एकतीस जणांनी शब्द दिलाय, बूव्हरेबाई.”

“कसला शब्द, सर?”

“म्हणजे… ‘तुमच्यासारख्या माणसाची आम्हाला गरज आहे’ असं म्हणाले.”

“आणि दुसऱ्या उमेदवाराला काय म्हणाले?”

“ते मी कसं विचारणार?”

सरांना अकरा मतं पडली. सौजन्य हे मत नसतं, हे समजायला सरांना आणखी पाच वर्षं आणि आणखी एक अंत्ययात्रा लागली. १९५५मध्ये ते निवडून आले. बाई तेव्हा पन्नाशीच्या झाल्या होत्या आणि जिन्याखालच्या त्याच खोलीत होत्या.

निवडून आलेल्याला हिरवी नक्षी केलेला कोट शिवावा लागतो आणि तलवार लागते. तलवार स्वतः घ्यायची नसते. मित्रमंडळींनी करून द्यायची असते. त्यासाठी समिती नेमली गेली आणि डीन शाप्युईसाहेब अध्यक्ष झाले. पोट आणि उत्साह दोन्ही मोठे असलेला माणूस. मुठीवर धारकाचं सारं आयुष्य दिसावं, असा प्रघात. म्हणून तिच्यावर वेधशाळेचा घुमट आला, दातेरी चक्र आलं, डोंगरातलं जेन्शनचं फूल आलं, सरांच्या पत्नीच्या नावाचं आद्याक्षर आलं. शेवटी हातानं धरायला जागा उरली नाही. धरायचीही नव्हती म्हणा.

“आणि टोकाला,” डीनसाहेब म्हणाले, “खुद्द तो स्फटिक! अस्सल! सोन्याच्या चार नख्यांत!”

“तो उपकरणाचा भाग आहे,” बूव्हरेबाई म्हणाल्या.

“बाई, आता तो इतिहासाचा भाग आहे.”

सर नुसते हसले. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करतो. त्या आठवड्यात सर कोटाचं माप द्यायला पॅरिसला गेले होते. बाईंनी मला खणातून काढलं, जुनी मांडणी पुसली आणि मला आठ दिवस त्या घड्याळावर चालवलं. मला वाटलं, निरोपसमारंभ असेल. नंतर त्यांनी मला कापसात गुंडाळलं आणि सोनारासाठी चिठ्ठी लिहिली: ‘कुपी फोडू नये. तारा कापू नयेत, वळवून ठेवाव्यात.’ सोनार चिडला, पण त्यानं चिठ्ठीप्रमाणे केलं.

जूनमध्ये समारंभ झाला. अग्निशामक दलाचा बँड आला होता. नगराध्यक्षांनी ‘क्वार्ट्झ’ हा शब्द तीन वेगवेगळ्या प्रकारे उच्चारला. भाषणांमध्ये माझं नाव चौदा वेळा आलं, बूव्हरेबाईंचं एकदा. तेही खुर्च्यांची व्यवस्था चोख ठेवल्याबद्दल.

मग तीन वर्षं मी भिंतीवर होतो. पुर्सेलोंच्या बैठकीच्या खोलीत, शेकोटीच्या वर. दर गुरुवारी मोलकरीण पिसांच्या झाडूनं मला गुदगुल्या करायची. एकदा पुतणीच्या लग्नात तलवार खाली उतरवून केक कापला. तिनं जन्मात कापलेली वस्तू ती एकच. पाहुणे यायचे, माझ्याकडे बोट करायचे, “हाच का तो?” म्हणायचे आणि ऑलिव्ह उचलायचे. मी गप्प होतो. विजेशिवाय मला थरथरता येत नाही. सन्मान म्हणजे काय, याची माझ्यापुरती व्याख्या तेव्हा झाली: तुमच्या तारा वळवून आत दाबतात आणि वरून पॉलिश करतात.

समोरच्या खुर्चीत सर बसलेले असायचे. निवृत्त झाले होते. कोटाची बाही आता धड होती, काजातल्या दोऱ्याचं बढती मिळून गोल फूल झालं होतं. ते प्रस्तावना लिहायचे, अध्यक्षपदं स्वीकारायचे आणि दुपारी डुलकी घ्यायचे. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत असू. कोण कोणाला विचारणार?

१९५९च्या एप्रिलमध्ये पत्र आलं. कॉफीच्या वेळी सरांनी ते क्लेमांसबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवलं. सीमेपलीकडे न्यूशातेलला, म्हणजे घड्याळांच्या बाबतीत आमच्या गावाच्या हाडवैऱ्यांकडे, कोणी तरुण संशोधक होता. त्यानं आठ वर्षं स्फटिक मोजले होते. ते मंदावतात असं त्याला दिसत होतं. थोडे, पण मंदावतात. ‘आपल्याजवळ जगातली सर्वांत जुनी नोंद असलेला स्फटिक आहे. आपण तो एकदा पुन्हा मोजाल का? माझी चूक असेल तर मला आनंदच होईल.’

“स्विस आहे,” क्लेमांसबाई म्हणाल्या. “उत्तर नको देऊस.”

“सभ्य आहे गं.”

“तेच म्हणतेय. सभ्य माणसापासून जास्त जपायला हवं. तो म्हणतोय तसं निघालं तर?”

सरांनी पत्राची घडी घातली. त्यांनी वर, माझ्याकडे पाहिलं. आणि सांगतो, तीस वर्षांपूर्वी खिडकीपाशी पाहिलं होतं, तसं पाहिलं.

त्यानंतर आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. खुर्चीवर चढून भिंग लावून मला न्याहाळायचे. शेवटी क्लेमांसबाईंनी डीनसाहेबांना बोलावणं धाडलं. शाप्युईसाहेब आले, बसले, पेला हातात घेतला.

“पुर्सेलो, ऑक्टोबरमध्ये आपण नव्या व्याख्यानगृहाला तुमचं नाव देतोय.”

“माहीत आहे.”

“दारावर काय कोरलंय, तेही माहीत आहे ना? तीन शब्द. दगडात. पाथरवटाचं काम झालंसुद्धा!”

“पण शाप्युई, तुम्हाला कुतूहल नाही वाटत?”

“मी डीन आहे. मला कुतूहल परवडत नाही,” ते म्हणाले. “तुमचं सगळं त्या तीन शब्दांवर उभं आहे. पदक, खुर्ची, ही तलवार. शिवाय ही गावानं दिलीय. ती मोडायची म्हणजे गावाच्या तोंडावर मारल्यासारखं आहे.”

सरांनी मान डोलावली. डीनसाहेब समाधानानं घरी गेले. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सरांनी तलवार उतरवली, जेवणाच्या मेजावर ठेवली आणि वडिलांचा घड्याळजीचा चिमटा आणला.

“इझिदोर! मेजपोशावर नको.”

“मग तू धर.”

“मी? मी नाही धरणार. माझं नाव आहे तिच्यावर.”

“म्हणूनच म्हणतो.”

क्लेमांसबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तीस वर्षांनी तरुण झाला होता. त्यांनी सुस्कारा टाकला आणि अकादमीची तलवार कोंबडी धरावी तशी दोन हातांनी घट्ट धरली. सरांनी एकेक नखी उचकटली. तारा सरळ केल्या. तुटल्या नव्हत्या.

प्रयोगशाळेत बाई होत्याच. सरांनी रुमालातून मला काढल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “या.” मला म्हणाल्या की सरांना, ते अजून कळलेलं नाही. जुनी मांडणी त्यांनी फडक्याखाली जपून ठेवली होती. वीज आली. तीन वर्षांनी मी थरथरलो. त्याचं वर्णन करत नाही. सकाळी उठून कामावर जाणाऱ्याला ते कळणार नाही, आणि ज्याला कळेल त्याला सांगायला नको.

आठ दिवस मोजलं. आठव्या दिवशी वेधशाळेतून वेळेचा इशारा आला. सर आणि बाई वाकले. डीनसाहेबही आले होते, अस्वस्थ होते.

आठवड्यात माझं घड्याळ साठ शतांश सेकंद मागे पडलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच. तेवढ्या वेळात तुमची पापणी दोनदा लवत असेल. पण तीन शब्द खोटे ठरायला तेवढं पुरेसं होतं.

सर स्टुलावर बसले. मग डीनसाहेबांनी कपाळावर हात मारला. “सोनार! अहो, नख्यांना डाग दिला ना त्यानं! दिव्याची आच लागली असणार. त्यात बिघडला हा. तुमचा नियम शाबूत आहे, पुर्सेलो!”

“आच…” सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. “हो. आच लागली असणं शक्य आहे.”

ते खरंच शक्य होतं. कोणालाही पटलं असतं. मलासुद्धा एक क्षणभर आच आठवायला लागली.

बूव्हरेबाई कपाटाकडे गेल्या. निळ्या पुठ्ठ्याची वही काढली, पान उघडून सरांच्या गुडघ्यावर ठेवली.

“पाच मार्च १९५६,” सरांनी वाचलं. “मागे पडणं: आठवड्यात छप्पन्न शतांश सेकंद.” ते थांबले. “हे कुणी मोजलं?”

“मी. सोनाराकडे पाठवण्याआधी.”

“का?”

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. कागद पिवळा पडला होता, पण कोपरे चिकटलेले होते. “तुम्हीच लिहिलंय, सर.”

“म्हणजे सोन्यात बसवण्याआधीच तो मंदावला होता. तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तीन वर्षं सांगितलं नाहीत?”

“तुम्ही कोटाचं माप द्यायला गेला होतात. परत आलात तेव्हा विचारलं नाहीत.”

“बाई, हे काय कारण झालं?”

“आधी मला वाटलं, माझीच चूक असेल. मी आकडे पुन्हा तपासले. मग सांगायला आले, तर बँड वाजायला लागला होता.” बाईंनी चष्मा पुसला. “मी सांगायला हवं होतं. ती माझी चूक. पण तुम्हीही विचारायला हवं होतं, सर.”

डीनसाहेब हळूच म्हणाले, “ही वही फक्त आपण तिघांनीच पाहिलीय…”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते. मग हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून. “चार वर्षं मोजलं,” ते म्हणाले, “आणि पंचवीस वर्षं बोललो! बूव्हरेबाई, आधी तो भराभर मंदावला की सावकाश? सुरुवातीला सावकाश असेल. म्हणूनच तीन वर्षांत दिसलं नाही. पण मग आता वेग वाढतोय का? शाप्युई, सरका जरा, उजेड अडतोय.”

त्यांनी जो निबंध धाडला त्याचं नाव होतं ‘इझिदोर पुर्सेलो यांच्या एका चुकीविषयी’. लेखक दोन: ओदील बूव्हरे आणि इझिदोर पुर्सेलो, याच क्रमानं. मुख्य वाक्य सहा ओळींचं होतं. अकादमीत वाचल्यावर टाळ्या पडल्या नाहीत; बरेच जण खोकले. न्यूशातेलच्या तरुणानं मोठं चीज पाठवलं. सरांनी चाखलं आणि म्हणाले, “भौतिकशास्त्र चांगलं आहे त्याचं.” ऑक्टोबरमध्ये व्याख्यानगृहाचं उद्घाटन झालं. दारावरच्या तीन शब्दांवर डीनसाहेबांनी वेळापत्रकाचा फळा लावून घेतला. तो अजून तिथंच आहे.

पुढची नऊ वर्षं सर दर सोमवारी यायचे. काजातलं लाल फूल विसरून यायचे. त्यांची बाही पुन्हा जळाली, तेव्हा क्लेमांसबाईंनी डोक्याला हात लावला. मागच्या हिवाळ्यात सर गेले. अकादमीतली त्यांची खुर्ची आठ महिन्यांत भरली. भेटी झाल्या, पोर्ट झाली, एकतीस जणांनी शब्द दिले असतील. शेकोटीवरची तलवार तशीच आहे, चार नख्या उघड्या आणि मधे भोक. पाहुणे विचारतात. पूर्वी क्लेमांसबाई सांगायच्या, “दुरुस्तीला दिलाय.” आता सांगतात, “तो होय? तो कामावर गेलाय.”

मी जिन्याखालच्या खोलीतच आहे. बूव्हरेबाई निवृत्त झाल्यात, पण सोमवारची बस त्यांनी सोडलेली नाही. वाचकहो, तुमच्या ओळखीत कोणी चांगलं काम करत असेल, तर त्याला हार घाला, पदक द्या, हवी तर तलवारही द्या. फक्त त्याच्या तारा कापू नका. आणि मधून मधून त्याला काहीतरी विचारत जा.

आज सोमवार आहे. जिन्यावर पावलं वाजतायत. गेल्या खेपेपेक्षा मी आणखी थोडा मंदावलोय. तेवढं लिहून घ्या.